मोठ्या टायरांचा हंगाम

कार्तिक सरत आला की आमच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जायला लागतात. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन, वर डोक्याच्या कितीतरी वर रचलेला ऊस आणि पुढं कानठळ्या बसवणारं गाणं. सून खिडक्या लावून घ्यायला धावते. मी म्हणते, राहू दे गं उघडी. त्या गाण्यांचा मलाही तिच्याइतकाच वैताग आहे, पण ट्रॉली पुढं गेली की मागं थोडा वेळ एक वास रेंगाळतो. तुटलेल्या उसाचा, पाचटाचा, तापलेल्या डिझेलचा. तो नाकात गेला की माझ्या अंगात जुना शीण चढतो. लोकांना वासानं बालपण आठवतं, माहेर आठवतं. मला दमणूक आठवते. बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतर आलेल्या एका हंगामाची ती दमणूक आहे, आणि इतक्या वर्षांच्या झोपेनंही ती पुरती उतरलेली नाही.

आमचे हे ट्रकवाले. सोलापुरात ट्रान्सपोर्टच्या गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. गाडी स्वतःची, चालवणारेही स्वतःच. चादरी आणि टॉवेलांचे गठ्ठे भरायचे, हैदराबादला उतरवायचे, तिकडून मिळेल तो माल घेऊन परत. ह्या धंद्याला सगळे ‘लाईन’ म्हणत. अण्णा कुठं आहेत? लाईनवर. कधी येणार? लाईनवरचा माणूस, सांगता येत नाही. लग्नानंतरची माझी सगळी वर्षं ह्या एका उत्तरावर गेली. पाहुणा परवडला, तो येण्याआधी निरोप तरी पाठवतो. आमच्या ह्यांचं येणं म्हणजे दारात हॉर्न, अंगणात डिझेलचे डाग, दोन भाकरी खाऊन मेल्यासारखी झोप आणि उठून पुन्हा हॉर्न. थोरला रांगायला लागला तेव्हा तो बापाला बघून रडायचा.

म्हणून त्या वर्षी दिवाळीच्या आधी हे आपण होऊन म्हणाले, “औंदा लाईन नको. कारखान्याला ऊस वढतो. जवळच हाय, रोज घरी येतो की,” तेव्हा मला इतका आनंद झाला की का, कशासाठी, हे विचारायचं सुचलंच नाही. नवरा घरी येतो म्हणाला तर कारण कोण विचारतं? मी त्या दिवशी हुग्गी केली. आमच्याकडं गव्हाची खीर सणालाच होते, पण मला तो सणच वाटला. हंगाम तेवढा चार-पाच महिन्यांचा. त्यानंतर हे घरी राहणार की पुन्हा लाईनवर जाणार, एवढा एकच प्रश्न माझ्या मनात होता, आणि तो मी तोंडानं विचारायला घाबरत होते.

ऊस होता सीना नदीच्या काठच्या काळ्या रानात. दुष्काळानंतर आभाळानं सगळी बाकी एकदम चुकती करायची ठरवली होती, त्यामुळं दिवाळी झाली तरी पाऊस मधूनमधून येतच होता. ती काळी माती ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. वाळली तर भेगांत पाय जाईल, भिजली तर चप्पल ठेवून घेईल. पहिल्याच खेपेला आमची भरलेली गाडी रानात निम्म्या चाकापर्यंत रुतली. ऊसतोडीच्या टोळीनं खांदे लावले, बैलं लावली, शेवटी निम्मा ऊस उतरवून गाडी बाहेर काढली. हे घरी आले तेव्हा चिखलानं नखशिखांत माखलेले होते.

चार-आठ दिवसांनी ते उजनीकडून टायर घेऊन आले. तिकडं तेव्हा धरणाचं काम चाललं होतं आणि कामावरच्या मोठ्या गाड्यांचे उतरलेले टायर रिमसकट मिळत. आमच्या टायरांपेक्षा ते चांगले उंच आणि रुंद. ते बसवायला मडगार्ड कापावे लागले. बसवल्यावर गाडी अशी दिसायला लागली की गल्लीतली पोरं तिला हात लावून बघून जायची. मी हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. केबिनमध्ये चढायला गेले तर पायरी माझ्या कमरेला. लुगडं नेसलेल्या बाईनं त्या गाडीत चढायचं म्हणजे सर्कस होती. हे वरून हात देत हसत होते. ते हसणं मला स्वच्छ आठवतं, कारण त्यानंतर होळीपर्यंत ते फारसं दिसलं नाही.

मोठ्या टायरांनी गाडी रुतायची थांबली खरी, पण ओढायचीही थांबली. भरलेली गाडी बांधावर आली की पहिल्या गिअरमध्येसुद्धा इंजिन धापा टाकायचं, क्लच जळल्याचा वास यायचा आणि गाडी मागं सरायची. आगीतून निघून फुफाट्यात. मला ह्यातलं काय कळणार, पण जात्यावर बसलेल्या बाईला एवढं कळतं की खुंटा मध्याच्या जवळ ठोकला तर वरचं पाळं एका हिसड्याला पुष्कळ फिरतं आणि खांदे मात्र मोडतात. खुंटा कडेला ठोकला तर हात लांबवर फिरवावा लागतो पण जातं हलकं जातं. चाक मोठं केलं म्हणजे आम्ही खुंटा मध्याकडं सरकवला होता. इंजिनाचे खांदे मोडायला आले होते.

रिकामी गाडी डांबरी रस्त्यावर मात्र वाऱ्यासारखी पळायची. मला वाटलं, ड्रायव्हर माणूस, ह्यावर तरी खूश होईल. पण पहिल्या रिकाम्या खेपेहून हे आले ते पांढरेफटक पडून. मोरीवर तोंड धूत म्हणाले, “काटा चाळीस दावतोय आन गाडी त्याच्या लई वर पळतीया. काट्यावर इश्वास ठेवायचा न्हाय आता.” त्यांनी पुन्हा पुन्हा तोंड धुतलं. मी भाकरी टाकत होते.

मग हुसेनभाईंकडं गेलो. हुसेनभाई म्हणजे हैदराबाद रोडवरचे मिस्त्री. ह्यांचे जुने दोस्त. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अण्णा, टायर बदल्या तो पीछे का क्राउन-पिनियन भी बदलना पडता. पैले ये देखो, अभी कितने का है.” मागच्या ॲक्सलच्या पोटात एक लहान दातेरी चाक आणि एक मोठं दातेरी चाक असतं. इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरला म्हणजे मागचं चाक एकदा फिरतं, ते त्या जोडीवर ठरतं. दांड्याच्या फेऱ्या जास्त, तर ओढ जास्त आणि वेग कमी. फेऱ्या कमी, तर उलटं. आमच्या गाडीच्या जोडीवरचा आकडा घासून गेला होता, म्हणून हुसेनभाईंनी घरीच मोजून आणायला सांगितलं.

आम्ही सोमवारी मोजायला बसलो. सोमवारी आमच्यात बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. ह्यांच्या वडिलांकडं बैल होते, ह्यांच्याकडं ट्रक आला, पण सोमवार तोच राहिला. लाईनवरच्या लोकांनी चेष्टा केली तरी हे सोमवारी गाडी भरत नसत. तर त्या सोमवारी जॅक लावून मागचं एक बाजूचं चाक उचललं, चाकावर खडूनं रेघ मारली, गाडीखालच्या दांड्याला माझ्या परकराची जुनी नाडी बांधली. हे बाहेर चाक फिरवणार आणि मी गाडीखाली पोत्यावर उताणी पडून नाडी किती वेळा वर येते ते मोजणार. थोरला शेजारी चिखलात हात घालून बसलेला. वरून ऑइलचा एक थेंब माझ्या कपाळावर पडला, बरोबर कुंकवाच्या जागी. “मोज गं नीट,” बाहेरून आवाज. “मोजते की!” आतून मी. दिवसाउजेडी नवऱ्याबरोबर कुठलं तरी काम करायची माझी ती पहिलीच वेळ असावी. सुख म्हणतात ते मला गाडीखाली मिळालं, त्याला काय करणार.

मोजणी आली तीन आणि थोडी वर. तिघंही, म्हणजे हे, मी आणि कडेवर थोरला, मोठ्या ऐटीत हुसेनभाईंकडं गेलो. त्यांनी ऐकलं आणि पोट धरून हसायला लागले. “क्या भाभी! इत्ते में तो मोटरकार चलती. दुसरा चाक जमीन पे था ना?” एक चाक जमिनीवर धरून ठेवलं की उचललेलं चाक दुप्पट फिरतं, म्हणजे आम्ही मोजला तो निम्माच हिशोब होता. इतकी वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला हे कसं सुचलं नाही, असं त्यांनी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, “ध्यान कुटं हाय हुसेनभाई.” सगळे हसलो. आता वाटतं, त्या बोलण्याकडं कुणी तरी लक्ष द्यायला हवं होतं.

मग निवडीची वेळ आली. हुसेनभाईंनी बाकड्यावर दोन जोड्या मांडल्या. एक बेताची. ती बसवली की टायर मोठे झाल्यानं जेवढी ओढ गेली तेवढीच परत यायची, गाडी होती तशी. दुसरी कुठल्याशा खाणीवरच्या गाडीची, भयंकर ओढीची. ती बसवली तर भरलेली गाडी विहिरीतूनही वर येईल, पण रस्त्यावर तिला बैलगाडीनं मागं टाकायचं. आणि तिसरा मार्ग म्हणजे काहीच न बदलता कसाबसा हंगाम काढायचा, नंतर लहान टायर चढवून सरळ लाईनवर जायचं. हुसेनभाई म्हणाले, “चलाते किदर, वो बोलो पैले. खेत में या लाईन पे? दोनों जगा अच्छी चले ऐसी जोडी अल्लानेच नई बनायी.”

मी एका पडलेल्या टायरवर बसून ऐकत होते. मिस्त्री दाताचं बोलत होता आणि मला माझं पुढचं आयुष्य ऐकू येत होतं. शहाण्या माणसानं बेताचीच घेतली असती, दोन्ही डगरींवर हात. ऊस संपला की चादरी. मी मनातून तयारीही केली होती. ह्यांनी दोन्ही जोड्या हातात घेऊन पाहिल्या, दातांवरून अंगठा फिरवला आणि खाणीची जोडी बाजूला ठेवत म्हणाले, “ही बसवा.”

“अण्णा, ये लगाये तो हैदराबाद भूल जाव.”

“भुललो,” हे म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांना लावायला पदराला स्वच्छ जागासुद्धा नव्हती, सगळा ऑइलनं भरलेला. मला वाटलं, हा माणूस आपल्यासाठी लाईन सोडतोय. बायकांना असं काही वाटलं की त्या ते गल्लीत सांगितल्याशिवाय राहत नाहीत. मीही सांगितलं. शेजारच्या पद्मशाली वहिनी हातमागावर बसल्या बसल्या म्हणाल्या, “नशीब काढलंस बाई.” मी मानही डोलावली.

नशीब आता माझ्या घरात रोज यायला लागलं, पण येताना ते अर्धं झोपलेलं असायचं. गाडी ओढायची, काय ओढायची! रानातून, बांधावरून, ओढ्यातून, कशातूनही. पण रस्त्यावर आली की सगळी दुनिया तिच्या पुढं निघून जायची. कारखान्याच्या वजनकाट्यावर इतर ड्रायव्हर तिला गाभण म्हैस म्हणत. खेप संपायला दिवस जायचा, मग काट्यावर नंबर लागायची वाट, मग ऊस टाकायच्या गव्हाणीपाशी वाट. घरी आलेल्या माणसाच्या अंगाला उसाच्या कुसाची खाज, डोळे लाल, हात स्टिअरिंग धरल्यासारखे वाकडे. मी पाणी तापवायची, पाठ चोळायची, पाठीवर बोटांचे वळ उठेपर्यंत. पहाटे उठून भाकरी, दुपारी कधी कधी रानात डबा, संध्याकाळी पुन्हा पाणी. घरभर पाचट. दुधात पाचट, अंथरुणात पाचट, थोरल्याच्या मुठीत पाचट. आम्ही दोघं इतके दमलेलो असायचो की जेवताना एकमेकांकडं बघायचं राहून जायचं. तरी हे जवळ होते. मी रोज संध्याकाळी इंजिनाचा तो जड, सावकाश आवाज लांबून ओळखायची आणि चुलीत लाकूड सारायची. शीण होता, पण माझ्या मालकीचा होता.

एकदा डबा घेऊन रानात गेले होते. टोळीतली एक बाई, बीडकडची, उसाच्या सावलीत पोराला पाजत बसली होती. मला म्हणाली, “तुमचं मालक लई बेस गाडी हाकत्यात. आमी मोळ्यांवर बसून येतो तर लेकरू झोपतंय. दुसऱ्या गाडीत जीव मुठीत धरावा लागतोय.” मग म्हणाली, “पन वाटंत बाया दिसल्या की ते गाडी उभीच करत्यात. बाया पार लांब जाईस्तोवर. का वो?” मला हसू आलं. म्हटलं, ड्रायव्हर माणूस, बायांकडं बघत असेल. ती हसली नाही. म्हणाली, “न्हाय. बगत न्हायती. मान खाली घालून बसत्यात.” मी डबा उघडला आणि विषय तिथंच राहिला.

होळी गेली, उन्हं तापली, कारखान्याचा पट्टा पडला. बंद झालेल्या कारखान्याभोवती एक विचित्र शांतता येते, धुरांड्यातून काही येत नाही आणि मळीचा वास तेवढा रस्त्यावर पडून राहतो. टोळ्या आपापल्या गावी गेल्या. आमची गाडी अंगणात उभी राहिली. चैत्रातली दुपार होती. हे बादलीनं टायरांवरचा वाळलेला चिखल काढत होते आणि मी त्यांच्याकडं बघत होते. चार महिन्यांत माणूस वाळून काटकी झाला होता. रस्त्यानं दुसऱ्यांच्या गाड्या पळताना ऐकून हे मान वर करायचे, ते मी कितीदा पाहिलं होतं. मला वाटलं, आपल्या सुखापायी ह्यांना खुंट्याला बांधून ठेवलंय. मन घट्ट केलं आणि म्हणाले, “अहो, बदलून घ्या की आता. जुनीच जोडी बसवा, टायर उतरवा आन जावा लाईनवर. मी ऱ्हाईन. सवय हाय मला.”

ते चिखल काढतच राहिले. मग बादली खाली ठेवली. आमच्याकडं मराठी चालते ती बाजारात आणि पोरांशी. तापात, रडण्यात आणि देवापुढं आम्ही कानडीच बोलतो. त्यांनी माझ्याकडं न बघता म्हटलं, “ननग अंजिकी बरतद.” मला भीती वाटते.

कशाची, हे मला सुधरेना. मग त्यांनी तिथंच टायराला पाठ लावून, उन्हात बसून सांगितलं. दुष्काळाचं साल, हैदराबादचा रस्ता, नळदुर्गाच्या पुढं, भर दुपार. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत बसलेल्या. स्टिअरिंगवरच ह्यांचा डोळा लागला. किती वेळ, कुणास ठाऊक. जाग आली ती आरडाओरड्यानं. गाडी रस्त्याखाली उतरलेली, बाया पळतायत, आणि चाकाखाली काहीतरी कडकडलं. “खडीची पाटी हुती,” हे मराठीत म्हणाले. “पाटी गेली चाकाखाली. बाई न्हाय गेली. हातभर लांब राहिली हुती फक्त. त्याच बाईनं मला पानी दिलं प्यायला.” “तवापासून पाय दाबतच न्हाय गं. वेग आला की पाय आपोआप उचलतोय. पन अण्णा हळू चालवतोय, अण्णा भ्याला, असं लाईनवर कोन म्हनलं तर? म्हनून ती जोडी घेतली. गाडीच हळू चालती म्हनल्यावर ड्रायव्हरला कोन बोलनार?”

मला आधी राग आला. खोटं कशाला बोलू? सगळा हिवाळा मी मिरवत होते की हा माणूस माझ्यासाठी थांबला, आणि तो थांबला होता एका अनोळखी बाईच्या पाटीसाठी. “मला का न्हाय सांगितलं?” एवढंच मी म्हणाले. ते म्हणाले, “तुला सांगून तू काय करनार हुतीस? तुज्या डोळ्यात पानी आलं त्या दिवशी हुसेनभाईकडं. मला वाटलं, असू दे, हिला बरं वाटतंय.”

त्यांचा हात धरून उठवलं, आत नेऊन जेवायला घातलं. जेवता जेवता ते “साकाग्याद, साकाग्याद” म्हणत राहिले, पुरे झालं, पुरे झालं, आणि तसेच भिंतीला टेकून झोपी गेले. लाईनवरून आलेल्या माणसाची मेल्यासारखी झोप मला माहीत होती. ही तशी नव्हती. तोंड उघडं, हात पसरलेले, आमच्या थोरल्यासारखी.

ऊन कलताना ट्रान्सपोर्टच्या गल्लीतला दलालाचा माणूस दारात आला. चादरींचा माल पडून आहे, हैदराबादला लगेच निघायचं, अण्णांना उठवा म्हणाला. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि दार मागं ओढून घेतलं.

“गाडी हळू चालती आमची,” मी म्हणाले.

“ठाऊक हाय की वैनी. मागची जोडी बदलून घ्या म्हनावं, हुसेनभाई उद्याच देतोय करून. अण्णासारखा ड्रायव्हर न्हाय लाईनवर, असा उसात कशाला कुजवताय?”

“मीच नको म्हनले,” मी म्हणाले. “मी जाऊ देत न्हाय त्यांना. जाऊन सांगा गल्लीत, अण्णाच्या बायकोनं अडवलंय म्हनून.”

तो तोंड वाकडं करून निघून गेला. त्यानं खरंच सांगितलं. त्यानंतर वर्षानुवर्षं ट्रान्सपोर्टच्या गल्लीत आमचे अण्णा बायकोचे बैल म्हणून ओळखले गेले, आणि कुणी तोंडावर म्हटलं तर हे हसून म्हणायचे, “काय करनार, लई कडक हाय ती.”